पानशेतपलीकडच्या घराला किती सोलर लागेल? हिशोब आषाढाचा धरा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोवॉटचं टाकायचं?" हा खरं तर शेवटचा प्रश्न. त्याआधी रोज किती युनिट लागतात, त्यातली रात्री किती आणि वर्षातल्या सर्वांत वाईट पंधरवड्यात छपरावर ऊन किती पडतं, हे कागदावर यायला हवं. ते न करता घेतलेली सिस्टिम मार्चमध्ये झकास चालते आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रिज बंद पाडते.

आधी एक गाळणी. घराशेजारून महावितरणची लाईन जात असेल आणि वीज दिवसातून तासभरच जात असेल, तर ऑफ-ग्रिडच्या, म्हणजे लाईनशिवाय चालणाऱ्या सिस्टिमच्या, वाटेला जाऊ नका. पुण्यात कोथरूड-हडपसरमध्ये नेट मीटरिंगचं (जादा वीज लाईनला देऊन बिलातून वजा करणारं) सोलर आणि सोबत एक साधा इन्व्हर्टर, एवढं पुरतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदानही ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमलाच मिळतं. मात्र बिनबॅटरीचं ग्रिडचं सोलर लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतं. लाईन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. वीज गेल्यावरही सोलर हवं असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

खालचा हिशोब त्या घरांसाठी आहे, जिथे शेवटचा खांब दोन किलोमीटर मागे राहिलाय किंवा पहिल्या पावसात गेलेली लाईट चार-चार दिवस येत नाही. पानशेतच्या पलीकडे, वेल्ह्याकडे, मुळशीच्या आतल्या वाड्यांवर अशी घरं बरीच आहेत. उदाहरण चार माणसांच्या, बारमाही राहत्या घराचं घेऊ.

लोड: अंदाज नको, मोजमाप हवं

प्रत्येक वस्तूचे वॉट गुणिले रोजचे तास म्हणजे वॉट-अवर. असे हजार झाले की एक युनिट.

- ९ वॉटचे ६ एलईडी बल्ब, सरासरी ४ तास: २१६
- ३० वॉटचे ३ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ८ तास: ७२०
- १९० लिटरचा एकदारी फ्रिज: ७००
- ३२ इंची टीव्ही, ४५ वॉट, ४ तास: १८०
- वायफाय राउटर, १० वॉट, २४ तास: २४०
- एक लॅपटॉप आणि चार मोबाईल: २६०
- ७५० वॉटचा मिक्सर, १० मिनिटं: १२५
- अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप, ५५० वॉट, ४० मिनिटं: ३७०

बेरीज २८११, म्हणजे २.८ युनिट. यादीत दोन गमती आहेत. राउटर सहा बल्बांपेक्षा जास्त खातो, कारण तो कधी झोपत नाही. आणि पंखे साधे, ७५ वॉटचे असते तर ७२० च्या जागी १८०० आले असते. हा फरक भरून काढायला पावसाळ्याच्या हिशोबाने ५४० वॉटचं एक अख्खं पॅनेल जादा लागतं, वर बॅटरी मोठी लागते ती वेगळीच. पंखे आधी बदला, पॅनेल नंतर मोजा.

फ्रिजचा आकडा तासांवरून काढू नका, कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते २०० असतील तर रोजचे साधारण ५५० वॉट-अवर. त्यावर पाव भाग चढवा, कारण आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात फ्रिजचं दार किती वेळा उघडतं ते आपल्यालाच ठाऊक. त्याहून बरं म्हणजे सॉकेटमध्ये लावायचा वॉट मीटर आणा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत असल्या वस्तू सहज मिळतात. फ्रिज पूर्ण चोवीस तास त्यावर ठेवा आणि जो आकडा येईल तो लिहा.

गीझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री या यादीत घालू नका. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं, म्हणजे घराच्या रोजच्या वापराचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. आंघोळीला सोलर वॉटर हीटर, पावसाळ्यात बंब किंवा गॅस. इस्त्री करायचीच तर दुपारी बाराला, कडक ऊन असताना.

जो खर्च यादीत कुणी धरत नाही

इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर घरात एकही दिवा नसताना ३० ते ५० वॉट ओढत राहतो. ३५ धरले तरी दिवसाला ८४० वॉट-अवर होतात, आपल्या तीन पंख्यांपेक्षा जास्त. हा आकडा डेटाशीटमध्ये नो-लोड म्हणून असतो, तो विचारा. गरज ३ केव्हीएची असताना ‘पुढे लागला तर’ म्हणून ५ चा घेतला, तर हा खर्चही वाढतो आणि तो रात्रंदिवस बॅटरीतून जातो.

बॅटरीच्या डीसी विजेची घरात लागणारी एसी करताना आणखी ८ टक्के जातात. म्हणून २.८ भागिले ०.९२, अधिक ०.८४, असे जवळजवळ ३.९. आपण ४ युनिट धरू. यातली संध्याकाळी सहा ते सकाळी सातची गरज साधारण २.१ युनिट निघते. पंप, मिक्सर आणि लॅपटॉपचं चार्जिंग दिवसा उरकलं तरच.

ऊन कुठलं धरायचं

परदेशी गाइडमध्ये डिसेंबर हा वाईट महिना असतो. आपल्याकडे डिसेंबरचं आकाश निरभ्र असतं, हवा गार असते आणि पॅनेल खुशीत असतात. आपला वाईट काळ आषाढ-श्रावणाचा. पूर्ण तेजाच्या उन्हाचे तास म्हणून मोजलं तर पुणे शहरात वर्षाची सरासरी साधारण सव्वापाच ते साडेपाच येते, एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या वर जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरते. शहराच्या पूर्वेला शिरूर-सासवडकडे चार धरून चालेल. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत, ताम्हिणी-मुळशी-पानशेतच्या पट्ट्यात, ढग आठवडा-आठवडा उठत नाहीत. तिथे तीनच्या वर धरू नका.

आता तोच हिशोब दोन तऱ्हांनी करून पाहा. वर्षाची सरासरी ५.३ आणि धूळ-उष्णता-वायर-चार्जिंगची घट जाऊन उरणारा भाग ०.७ धरला, तर ४ भागिले ५.३ भागिले ०.७, म्हणजे १.०८ किलोवॉट. कोटेशनमध्ये ‘१ किलोवॉट’ येतं ते इथून. हीच सिस्टिम जुलैत पानशेतला १.०८ × ३ × ०.७५, म्हणजे २.४ युनिट देईल. (पावसाळ्यात पॅनेल धुतलेलं आणि थंड असतं, म्हणून घट थोडी कमी, ०.७५.) रोज दीड युनिटाचा खड्डा. साडेचार युनिट देणारी भरलेली बॅटरीही तिसऱ्या दिवशी रिकामी.

दुसरी तऱ्हा: ४ भागिले ३ भागिले ०.७५, म्हणजे १.७८ किलोवॉट. ५४० वॉटची चार पॅनेल घेतली की २.१६ किलोवॉट होतात. जुलैच्या सरासरी दिवशी ४.८ युनिट, म्हणजे गरज भागून थोडं उरतं. हे उरणं चैनीचं नाही. काळ्या दिवसांत रिकामी झालेली बॅटरी त्याच्यातूनच परत भरायची असते.

बॅटरी

खरा काळा दिवस असतो तेव्हा पूर्ण उन्हाचा एक तास मिळाला तरी नशीब. चार पॅनेल त्या दिवशी १.६ युनिट देतील, म्हणजे तूट २.४. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी ५.१२ युनिटांची असते आणि तिच्यातले ९० टक्के, म्हणजे ४.६, वापरता येतात. ती अशा दोन दिवसांना जेमतेम पुरते. पुण्याच्या पूर्वेला एवढ्यावर निभावतं. घाटाजवळ नाही.

तिथे बहुतेक जण दुसरी बॅटरी घेतात. आमचं मत उलटं आहे: आधी दोन पॅनेल वाढवा. सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॉट, काळ्या दिवशी २.४ युनिट, तूट १.६ वर येते आणि तीच बॅटरी जवळजवळ तीन दिवस टिकते. शिवाय ढग दोन तास फाटले की ती झपाट्याने भरते. दुसरी बॅटरी रिकामी झाली की तिलाही भरायला तेच तुटपुंजं ऊन लागतं. मोठी टाकी आणि बारीक नळ अशी गत होते. पॅनेल वाढवून झाल्यावर पैसे उरले तर बॅटरी. सलग आठवडा ढगांत असणाऱ्या वाडीवर मात्र दोन्हींच्या जोडीला एक लहान जनरेटर आणि ३० अँपिअरचा बॅटरी चार्जर ठेवा. दोन तासांत तीन युनिट भरतात. वर्षातून आठ-दहा दिवसांसाठी बॅटरी दुप्पट करण्यापेक्षा ते परवडतं.

ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड) बॅटरी घ्यायची असेल तर १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, ७.२ युनिट. त्यातले निम्मेच, ३.६, वापरायचे. रोज त्याच्या खाली नेल्या तर दोन-तीन वर्षांत निकामी होतात. बॅटरीवर सी-१० लिहिलंय की सी-२० ते पाहा. तोच १५० चा आकडा सी-२० वर असेल तर बॅटरी प्रत्यक्षात लहान असते, कारण ती सावकाश वीस तास रिकामी करून मोजलेली असते. ट्युब्युलरला चार्जिंगही बेताचं लागतं, १५० ला १५ ते २५ अँपिअर. सहा पॅनेलांचे साठ अँपिअर तिच्यात कोंबले तर पाणी उकळल्यासारखं उडतं. चार्जरमध्ये मर्यादा बांधून द्या. पाणी डिस्टिल्डच हवं, बोअरचं नको आणि आरओचंही नको. बॅटरी कॉटखाली किंवा माळ्यावर ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवा खेळती हवी.

उलट चूकही तितकीच होते. मोठी ट्युब्युलर बँक आणि एकच किलोवॉट पॅनेल. बँक कधी पूर्ण भरतच नाही, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि दीड वर्षात ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणून भांडण होतं. खराब बॅटरी नव्हती, हिशोब होता.

इन्व्हर्टर आणि पंपाचा झटका

एकाच वेळी पंप, मिक्सर, फ्रिज, पंखे आणि दिवे चालले तर १५००-१६०० वॉट होतात. पण पंप सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो. अर्ध्या एचपीचा ५५० वॉटचा पंप त्या क्षणी तीन हजारांच्या आसपास जातो. म्हणून ३ केव्हीए, ४८ व्होल्ट, प्युअर साइन वेव्ह आणि काही सेकंद दुप्पट लोड झेलणारा. केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे; पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ३ केव्हीएचे २.४ किलोवॉटच मिळतात. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर दिव्यांना चालतो, फ्रिजची आणि पंपाची मोटर मात्र गुरगुरते आणि तापते.

बोअरमध्ये एक एचपीचा सबमर्सिबल असेल तर त्याच्यासाठी घरचा इन्व्हर्टर मोठा करू नका. त्याला मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी लावा, नाहीतर स्वतंत्र सोलर पंप घ्या. दुपारी टाकी भरून ठेवली की पाणी हीच बॅटरी.

१२ व्होल्टच्या मोहात पडू नका. ३००० वॉटला ४८ व्होल्टवर, तोटा धरून, ७० अँपिअर लागतात. १२ वर तेच २८० होतात. एवढ्या करंटाला बोटभर जाड केबल लागते आणि जरा ढिला राहिलेला लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) मेणबत्तीसारखा वितळतो.

पॅनेल जोडताना होणारी एक महागडी चूक

आजच्या ५४० वॉटच्या पॅनेलचा ओपन सर्किट (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज साधारण ४९.५ असतो. पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या चार्जरवर लिहिलेलं असतं ‘कमाल १५० व्होल्ट’. तीन पॅनेल सिरीजमध्ये: १४८.५. बसलं म्हणायचं आणि जोडायचं. ते ऑक्टोबरात चालतं, नोव्हेंबरात चालतं. जानेवारीत एका पहाटे पारा दहावर जातो. पॅनेल थंड झालं की त्याचा व्होल्टेज वाढतो, २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. पंधरा अंशांचे चार टक्के, म्हणजे १५४ च्या वर. सकाळी उन्हाची पहिली तिरीप पॅनेलवर पडते आणि चार्जर जातो. वॉरंटी मिळत नाही, कारण चार्जरच्या मेमरीत तो आकडा नोंदलेला असतो.

म्हणून १५० च्या चार्जरवर दोन-दोनच्या जोड्या. चार पॅनेलांच्या दोन जोड्या समांतर, व्होल्टेज ९९. भर उन्हात पॅनेल तापून व्होल्टेज उतरला तरी चालू स्थितीत सत्तरच्या वर राहतो आणि ४८ ची बॅटरी भरायला ५७ लागतात, तेव्हा जागा आहे. एकेकटं पॅनेल मात्र ४८ ची बॅटरी भरूच शकत नाही. काही इन्व्हर्टरांचा आतला एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर) १२० व्होल्टच्या खाली जागाच होत नाही आणि ४५० पर्यंत झेलतो. तिथे चारही पॅनेल एकाच सिरीजमध्ये. कुठला प्रकार आहे ते पॅनेल घेण्याआधी पाहा.

चार्जरचा करंट: २१६० भागिले ५१.२, म्हणजे ४२. ५० किंवा ६० अँपिअरचा घ्या. सहा पॅनेल केली तर ६३ येतात. तेव्हा १०० अँपिअर-अवरच्या लिथियमसाठी चार्जिंगची मर्यादा ५० वर बांधा, किंवा बॅटरी कंपनीने जो आकडा दिलाय तिथे.

उतार दक्षिणेला. अक्षांश साडेअठरा, म्हणून पुस्तकी उत्तर १८-२० अंश. पण आपला अडलेला महिना जुलै आहे. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उजेड ढगांतून सगळीकडून येतो. म्हणून १२ ते १५ अंश बरे. दहाच्या खाली नेलं तर खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते. सावली मात्र डिसेंबरात तपासा, सकाळी नऊला आणि दुपारी चारला, कारण तेव्हा ती सर्वांत लांब पडते. पत्र्याच्या छपरावर स्ट्रक्चर पत्र्याला नाही, खालच्या कैचीच्या पर्लिनला कसा आणि रबरी वॉशर लावा. मंगलोरी कौलांवर चढूच नका, अंगणात जमिनीवर गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर उभं करा. वाडीवर माकडं असतील तर तेही लक्षात घ्या, त्यांना पॅनेलची घसरगुंडी फार आवडते.

वायर, फ्यूज, अर्थिंग

पॅनेल ते चार्जर वीस मीटर अंतर धरू. दोन्ही जोड्या छपरावरच एकत्र करून ४ स्क्वेअर मिमी वायरने २६ अँपिअर आणले तर साडेचार व्होल्ट वाटेतच जातात, साडेपाच टक्के. तीच ४ ची वायर प्रत्येक जोडीला वेगळी आणली तर पावणेतीन टक्के. वायर दुप्पट लागते, पण जोड्या एकत्र करायचा कंबायनर बॉक्स वाचतो आणि एक जोडी बिघडली की कुठली ते खाली बसून कळतं. दोनच जोड्या असतील तर स्ट्रिंग फ्यूज (प्रत्येक जोडीचा वेगळा फ्यूज) नको. तिसरी आली की प्रत्येकीला हवा, कारण मग दोन चांगल्या जोड्यांचा करंट तिसऱ्या बिघडलेल्या जोडीत घुसतो.

बॅटरी ते इन्व्हर्टर २५ स्क्वेअर मिमी तांबं, दीड मीटरच्या आत, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर १०० ते १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज. लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या, हातोडीने नाही. दाबून झाल्यावर लग धरून वायर पिळून पाहा. किंचितही फिरली तर कापून परत करा.

डीसीच्या बाजूला एसीचा एमसीबी बसवलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी पेटलेलीच राहते आणि डबा जळतो. डीसीचाच एमसीबी आणि डीसीचाच सर्ज प्रोटेक्टर हवा. एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कडाडतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

अर्थिंगला आपली जमीन अवघड. वरचा फूटभर मुरूम संपला की काळा बेसाल्ट, त्यात रॉड ठोकला तरी पकड येत नाही. रुंद खड्डा घ्या, कॉपर बॉंडेड रॉडभोवती बेंटोनाइट आणि काळी माती भरा. एकाने रीडिंग उतरत नसेल तर तीन मीटरवर दुसरा खड्डा करून दोन्ही जोडा. ५ ओहमच्या आत आलं पाहिजे, आणि मोजणी मे महिन्यात करा. पावसात ओल्या मातीवर सगळीच अर्थिंग चांगली दिसतात.

चालू करताना

प्रत्येक जोडीचा व्होल्टेज आणि पोलॅरिटी मल्टिमीटरने आधी पाहा. चार्जरला पहिल्यांदा बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. मग सेटिंग. १६ सेलच्या लिथियम फॉस्फेटला चार्जिंग ५६ ते ५६.८, फ्लोट ५४, कट-ऑफ ४८ ते ४९ व्होल्ट, इक्वलायझेशन (ट्युब्युलरसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बंद. जुन्या ट्युब्युलर काढून लिथियम बसवणारे हे शेवटचं विसरतात. मग महिन्यातून एकदा चार्जर साठच्या पुढे जायला बघतो, बॅटरीचा बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) स्वतःला तोडून घेतो आणि ऐन दुपारी, कडक ऊन असताना, घरातली लाईट जाते.